दुसऱ्या डिस्कवरचे आठवडे

सासरच्या घरात जावयाला नाव नसतं, नंबर असतो. आधी आले ते थोरले जावई, मागून आले ते धाकटे जावई. मग धाकटे वयाने चांगले दोन वर्षांनी मोठे का असेनात, नंबर बदलत नाही. या गोष्टीतही तसंच होतं, आणि दोघांपैकी कुणाची त्याला हरकत नव्हती. धाकटे तर थोरल्यांना मनापासून ‘दादा’ म्हणायचे.

थोरले कॉम्प्युटरवाले. दवाखान्यांना लागणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग साठवणाऱ्या एका मोठ्या गोदामाचे सर्व्हर ते सांभाळत. सर्व्हर म्हणजे काय, हे त्यांनी सासूबाईंना एकदा अर्धा तास खपून समजावलं होतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि “म्हणजे कोठीघरच की,” म्हणून विषय संपवला. व्याख्या बरोबर होती, पण थोरल्यांना ती काही फारशी रुचली नाही. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कामाला वाघ, वेळेला पक्का, फुकट कुणाचं काही घेणार नाही. फक्त काही विचारलं की उत्तर हजर. घरात दिवे गेले तरी कारण पहिल्यांदा हे सांगणार आणि मग खिडकीतून बाहेर बघणार.

धाकट्यांचं तसं नव्हतं. कापडाच्या दुकानात वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडून त्यांना कमी बोलायची आणि जास्त ऐकायची सवय लागली होती. ते दुकान बंद पडलं आणि ते घरी बसले. त्यांची बायको धाकटी, म्हणजे थोरल्यांच्या बायकोची, थोरलीची, पाठची बहीण, हवालदिल झाली. तेव्हा थोरल्यांनीच गोदामाच्या मॅनेजरकडे शब्द टाकला आणि धाकट्यांना माल उतरवायच्या फाटकावर नोकरी मिळाली. फाटकाशी एक काचेची केबिन होती. आलेल्या मालाची नोंद करायची, सही करायची, फाटक उघडायचं-लावायचं आणि कॅमेऱ्यांच्या बटणावरचा हिरवा दिवा लागलेला आहे ना ते बघायचं, एवढं काम. धाकट्यांनी ते इतक्या नेमाने केलं, की मॅनेजर थोरल्यांना म्हणाला, तुमचे आणखी कुणी साडू आहेत का? थोरल्यांनी ते वाक्य घरी येऊन दोनदा सांगितलं.

आता थोडं डिस्कचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॅमेऱ्यांचं चित्रण ज्या मशीनवर साठायचं त्यात दोन डिस्क होत्या. मोठी चित्रणासाठी, छोटी अडीअडचणीला. प्रत्येक डिस्कवर कारखान्यातूनच एक लांबलचक खूण येते आणि ती जन्मभर बदलत नाही. पण तेवढी अक्षरं आणि आकडे कोण टाइप करत बसणार? म्हणून मशीन त्यांना कामापुरतं छोटं नाव देतं, तेही रांगेतल्या जागेवरून. पहिली, दुसरी. दवाखान्यात ‘तीन नंबरच्या खाटेचा पेशंट’ म्हणतात ना, तसं. जोवर कुणी खाटा हलवत नाही तोवर सगळं सुरळीत चालतं.

एका वर्षी ऑपरेटिंग सिस्टिम नवी आली आणि तिच्यासोबत डिस्कचा ड्रायव्हरही बदलला. हा ड्रायव्हर गाडी चालवणारा नव्हे. हा मशीन आणि डिस्क यांच्यामधला दुभाषा. जुना दुभाषा डिस्कची वायर कुठल्या खाचेत बसवली आहे ते बघून नंबर द्यायचा. नव्याची रीत निराळी. तो सगळ्यांना हाक मारायचा आणि जी आधी ओ देईल तिला पहिली म्हणायचा. शिवाय नावं लिहायची पद्धतही बदलली होती, त्यामुळे मशीनच्या सेटिंगमध्ये जिथे जिथे जुनी नावं होती तिथे तिथे नवी घालणं भाग होतं. थोरल्यांनी एका सकाळी बसून ते केलं. जुन्या पहिलीच्या जागी नवी पहिली, जुन्या दुसरीच्या जागी नवी दुसरी. मशीन सुरू झालं, तक्रार काही आली नाही, फाटकावर हिरवा दिवा लागला. कायमच्या खुणा वापरा, असं नव्या सिस्टिमच्या माहितीत लिहिलेलं होतं. थोरल्यांनी ते वाचलं होतं. पण अशा सूचना नवशिक्यांसाठी असतात, असं त्यांचं मत होतं.

छोटी डिस्क चपळ निघाली. तिने आधी ओ दिली. पहिलीची दुसरी झाली, दुसरीची पहिली झाली, आणि मोठीवर जायचं चित्रण मुकाट्याने छोटीवर जाऊ लागलं.

काही आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी सेटिंग उघडलं असताना थोरल्यांना पहिलीसमोर छोट्या डिस्कचा आकार दिसला आणि दुसरीसमोर मोठीचा. त्यांना वाटलं, लिहिताना आपल्याकडून अदलाबदल झाली असेल. त्यांनी जीभ चावली, नावं सरळ केली, मशीन बंद करून चालू केलं आणि चहा प्यायला गेले. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मधल्या आठवड्यांचं चित्रण मग गेलं कुठे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आपल्यासारख्याला तो लगेच पडला असता. पण या धंद्यातल्या माणसांची गंमत अशी, की नाव बरोबर झालं की त्यांच्या लेखी सगळंच बरोबर होतं.

आणि मग पेटी हरवली.

एक्स-रे मशीनची नळी होती, काचेची, लाकडी पेटीत भुशात बसवलेली. अशी एक नळी म्हणजे लहानसहान घराच्या किमतीची. ज्या दवाखान्याला ती हवी होती त्याने बरेच दिवस वाट पाहून विचारणा केली. गोदामात शोधलं तर पेटी नाही. फाटकावर ती आल्याची नोंद होती, खाली धाकट्यांची सही होती.

मॅनेजरच्या खोलीत चौकशी झाली. मॅनेजर, हिशेबनीस, थोरले आणि समोर उभे धाकटे. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. धाकट्यांनी काय घडलं ते सांगितलं. पेटी उतरवली, त्यांनी सही केली. शेजारी दुसरी गाडी परतीचा, म्हणजे कारखान्यांना परत पाठवायचा, माल भरत होती. खुद्द मॅनेजर तिथे उभे होते आणि त्यांनी हाताने दाखवून ती पेटीही परतीच्या गाडीत टाकायला लावली. धाकटे पुढे होऊन म्हणाले, ही आत्ताच आली आहे. मॅनेजर म्हणाले, तुम्ही तुमचं फाटक बघा. धाकट्यांनी हे सगळं सावकाश, जसं घडलं तसं सांगितलं, आवाज न चढवता. मॅनेजर म्हणाला, मी त्या दिवशी फाटकाकडे फिरकलोच नव्हतो. खोटं बोलत होता की खरोखरच विसरला होता, देव जाणे. पुष्कळ गाड्या यायच्या, पुष्कळ हात हलायचे. पेटी चढवणारे हमाल रोजंदारीचे, ते केव्हाच पांगले होते, आणि परतीच्या कागदांवर ती पेटी नव्हतीच.

तेव्हा चित्रण बघायचं ठरलं. थोरल्यांनी लॅपटॉप उघडला. नेमके ते आठवडे कोरे होते. आधीचं होतं, नंतरचं होतं, मधे काहीच नाही.

मॅनेजरने विचारलं, “तुमच्या सिस्टिमचा काही दोष?”

उत्तर हजर होतं. “सिस्टिम चालू होती,” थोरले म्हणाले. “केबिनमधून कुणी बटण बंद केलं असेल तर ते इथून सांगता येणार नाही.”

त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. केबिनमध्ये एकच माणूस बसायचा.

“दादा, परत एकदा बघा,” धाकटे म्हणाले. “दिवा लागलेला होता. मी रोज बघतो.”

ऑफिसात धाकटे त्यांना नेहमी ‘सर’ म्हणायचे. त्या दिवशी तोंडातून ‘दादा’ निघून गेलं. हिशेबनिसाने मान वर करून दोघांकडे पाहिलं, आणि थोरले सावध झाले. नातेवाईक म्हणून पाठीशी घातलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. परक्या माणसाने विनवलं असतं तर त्यांनी पुन्हा बघितलं असतं, कदाचित मशीन उघडून छोटी डिस्कही तपासली असती. साडू होता म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला. आपण कर्तव्य केलं, असंही त्यांना त्या वेळी वाटलं.

कंपनीने मोठेपणा दाखवला. पोलिसांत गेली नाही, नुसतं उद्यापासून येऊ नका म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे चोरही नव्हता. त्या संध्याकाळी धाकटी आली. रडली नाही, भांडली नाही. थोरल्यांना नव्हे, बहिणीला विचारलं, तुला काय वाटतं? थोरली नवऱ्याची बाजू घेऊन म्हणाली, “अगं, मशीन काही खोटं बोलत नाही.” धाकटी उठली आणि गेली. चपला घालताना तिला नेहमी वेळ लागायचा, पट्टा बसायचा नाही; त्या दिवशी ती पट्टा तसाच लोंबत ठेवून जिना उतरली.

तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. सासरेबुवा आजारी पडले तेव्हा दोघींनी दवाखान्यातले दिवस वाटून घेतले, एकीचा एक, दुसरीचा दुसरा, म्हणजे समोरासमोर यायला नको. म्हाताऱ्याच्या ते लक्षात आलं असणार. त्याने एकदा थोरलीला विचारलं, तुम्ही दोघी मिळून कधी येणार? थोरली म्हणाली, येऊ की. तो गेला तो दिवस धाकटीचा होता.

वर्षं गेली. मॅनेजर नोकरी सोडून दूर कुठेतरी गेला. ते चित्रणाचं मशीनही जुनं झालं आणि भंगारात काढायचं ठरलं. भंगारात द्यायच्या आधी डिस्क पुसायच्या असतात, आणि पुसायच्या आधी त्यांत कामाचं काही नाही ना ते बघायचं असतं. दुपारी जेवण झाल्यावर थोरले दोन्ही डिस्क टेबलावर घेऊन बसले. मोठीत कामाचं काही नव्हतं. छोटी कोरीच असणार, अशा खात्रीने त्यांनी ती जोडली. ती कोरी नव्हती. ओळीने फाइली लागल्या होत्या, एकेका दिवसाची एकेक. तारखा त्याच कोऱ्या आठवड्यांच्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांनी लोकांना शेकडो वेळा ऐकवली होती.

त्या दिवसाची फाइल त्यांनी उघडली. आवाज नव्हता, चित्र होतं, तेही वरून काढलेलं. गाडी आली. पेटी उतरली. धाकटे पुढे झाले, वाकून लेबल वाचलं, सही केली. शेजारी परतीची गाडी. मॅनेजर आला, फोनवर बोलत, दुसऱ्या हाताने दाखवत. धाकटे त्याच्याजवळ गेले, पेटीवर हात ठेवून काही बोलले. मॅनेजरने फोन कानावरून न काढता त्यांना फाटकाकडे बोट दाखवलं. पेटी गाडीत चढली. गाडी निघाली, आणि ती जाताना फाटक धाकट्यांनीच उघडलं. फाटक लावल्यावर ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले.

थोरल्यांनी मग आधीच्या दिवसांच्या फाइली उघडल्या. कशाला उघडल्या, त्यांना सांगता आलं नसतं. रोज सकाळी त्यांची स्कूटर फाटकाशी यायची. स्कूटरचा आवाज ऐकून धाकटे केबिनमधून आधीच बाहेर यायचे, फाटकाची एक फळी उघडून धरायचे, हात वर करायचे. रोज. आणि स्कूटरवरचा माणूस समोर बघत सरळ आत निघून जायचा. एकाही दिवशी त्याने मान वळवलेली नव्हती. थोरल्यांना आपल्या त्या सरळ मानेचा इतका राग आला की त्यांनी चित्र बंद केलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ड्रायव्हर, नावं, छोटी डिस्क, सगळं. थोरली निवडायला घेतलेली भाजी तशीच ठेवून ऐकत राहिली. तांत्रिक भाग तिला किती कळला कोण जाणे. शेवटी एवढंच म्हणाली, “तेव्हा ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?”

थोरले तिच्यापुढची भाजी ओढून निवडू लागले. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, मीही तेच केलं, मशीनची बाजू घेतली. बहिणीची घ्यायची सोडून.

रविवारी दोघं निघाली. धाकट्यांनी मधल्या काळात किल्ल्या बनवायचं छोटं दुकान टाकलं होतं, घराच्याच खाली. चोरीचा आळ ज्याच्यावर, त्याच्याकडे अख्ख्या वस्तीच्या किल्ल्या. पण लोक येत होते, किल्ली विश्वासाने ठेवून जात होते. थोरली गाडीतून उतरली नाही. आधी तुम्ही बोलून या, म्हणाली. लॅपटॉप काखेत मारून थोरले दुकानाशी गेले.

धाकटे कानशीने किल्लीचे दात घासत होते. त्यांनी वर पाहिलं, “या,” म्हणाले, आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल पुढे सरकवलं. थोरले बसले नाहीत. वाटेत जुळवून आणलेलं सगळं बोलणं विसरून त्यांनी लॅपटॉप काउंटरवर उघडला आणि चित्र चालू केलं.

धाकट्यांनी कानस बाजूला ठेवली आणि शेवटपर्यंत पाहिलं. मधे एक बाई किल्ली घ्यायला आल्या, त्यांना किल्ली दिली, अडकली तर पुन्हा आणा म्हणून सांगितलं, आणि परत पाहू लागले. स्वतःला बघून जरा हसले. “केस होते तेव्हा,” म्हणाले.

थोरले बोलायला लागले. डिस्कची नावं, नवा ड्रायव्हर, आपली चूक. चूक आपली होती, मशीनची नव्हती, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. उद्याच कंपनीत जातो म्हणाले, सगळ्यांना हे दाखवतो, लेखी माफी मागायला लावतो. बोलताना त्यांनाच कळत होतं, की हे वरातीमागून घोडं आहे.

धाकट्यांनी त्यांना मधे तोडलं नाही. सगळं संपल्यावर शांतपणे म्हणाले, “हे मी सांगितलं होतं तेव्हा. अगदी असंच.”

“हो.”

“मग आज नवीन काय कळलं तुम्हाला?”

थोरल्यांनी पुन्हा कंपनीचं नाव काढलं.

“कंपनीचं मला काही नाही,” धाकटे म्हणाले. “दाखवायचं तर दाखवा, नाही तर राहू द्या. कंपनी मला ओळखत नव्हती. तुम्ही ओळखत होता.”

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. पण हा माणूस कापडाचा भाव सांगावा तशा आवाजात बोलत होता. माफ करा, असं थोरले म्हणाले. धाकट्यांनी मान हलवली, ऐकलं अशा अर्थाने. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं.

मग धाकट्यांचं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. गाडीच्या काचेतून थोरली इकडेच बघत होती.

“ताई आल्यात?” ते म्हणाले. “मग उन्हात काय बसवून ठेवलंय त्यांना?” आणि स्वतःच रस्ता ओलांडून गेले. गाडीचं दार त्यांनीच उघडलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही. थोरली उतरली, पदराने तोंड पुसत त्यांच्या मागून आली आणि दुकानाशेजारचा जिना चढू लागली. धाकट्यांनी खालूनच बायकोला हाक मारली, कोण आलंय बघ म्हणून. वर दार उघडल्याचा आवाज झाला. मग दोघींचं रडणं एकदमच ऐकू आलं.

थोरल्यांनी लॅपटॉप मिटला आणि जिन्याकडे एक पाऊल टाकलं. धाकटे तोवर दुकानाचं शटर खाली ओढत होते. कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढले आणि मागे वळले.

“तुम्ही गाडीत बसा,” ते नेहमीच्या अदबीने म्हणाले. “त्यांना वेळ लागेल.”

आणि ते वर गेले.